आधी लगाम ओळखा, मग स्कार्फ घ्या

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. त्यांची आत्या १९७० च्या दशकात एअर इंडियात हवाई सुंदरी होती. आत्याच्या कपाटात दोन रेशमी चौकोनी स्कार्फ निघाले, एकावर सोनेरी लगाम, दुसऱ्यावर घोडागाड्या. दोन्हींवर एर्मेस (Hermès) या पॅरिसच्या कंपनीचं नाव छापलेलं आहे, पण शिवलेली पट्टी एकावरच आहे. हे खरे असतील का, त्यांच्यापासून सुरुवात करून राजेशाही आणि घोड्यांच्या नक्षीचा छोटासा संग्रह करायचा तर काय घ्यावं, आपल्या हवेत ते टिकवावेत कसे आणि यात पैसे गुंतवणं शहाणपणाचं आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी लंडनमध्ये जुन्या रेशमी कापडांची खरेदी-विक्री आणि डागडुजी करते. त्यामुळे उत्तर थोडं धंद्याच्या अंगानं जाईल आणि लांबेल. तुमच्या दोन्ही स्कार्फविषयी आधी बोलते, कारण पुढचं सगळं तिथूनच समजेल.

पट्टी नाही म्हणून घाबरू नका. १९७० च्या आधीच्या स्कार्फांवर धुण्याच्या सूचनांची पट्टी बहुधा नसतेच. नंतरच्यांवर असते, पण ती मानेला टोचते म्हणून कित्येक बायका पहिल्याच दिवशी कात्रीनं काढून टाकतात. पट्टी कापलेली असेल तर कोपऱ्याजवळ टाक्यांच्या बारीक खुणा किंवा धाग्याचे तुकडे राहतात, भिंगातून पाहा. पट्टी नसल्यानं विकताना किंमत थोडी उतरते एवढंच. उलट, पट्टी आहे म्हणून निर्धास्त होणं जास्त धोक्याचं आहे. पट्टी, नारिंगी खोका, तपकिरी फीत या सगळ्या गोष्टी नकली बनवायला सोप्या असतात. खोक्यावरून एक गोष्ट मात्र कळते. एर्मेसचे खोके आधी फिक्या, सायीसारख्या रंगाचे होते, दुसऱ्या महायुद्धात तो पुठ्ठा मिळेना तेव्हा हाताशी असलेला नारिंगी पुठ्ठा वापरला आणि तोच पुढे कायम झाला. तेव्हा ‘१९३० च्या दशकातला स्कार्फ, मूळ नारिंगी खोक्यासह’ अशी जाहिरात दिसली की ती तिथेच सोडून द्यायची.

मग पाहायचं काय? माझ्या हाती स्कार्फ आला की मी सगळ्यात आधी चित्र वाचते. किनार आणि कापड त्यानंतर. इतर जाणकार उलट क्रम सांगतील, आणि साध्या फुलांच्या नक्षीला तो क्रम ठीकही आहे. घोड्याच्या साजाची गोष्ट वेगळी आहे, कारण हे घराणं मुळात साज बनवणाऱ्यांचं. थिएरी एर्मेसनं १८३७ मध्ये पॅरिसमध्ये घोड्यांच्या साजाचा कारखाना काढला. पुढे १८८० मध्ये दुकान फोबूर सेंतोनोरे रस्त्यावर २४ क्रमांकाच्या जागेत गेलं, ते आजही तिथेच आहे. थिएरीचा नातू एमिल एर्मेस लहानपणापासून घोड्यांशी आणि प्रवासाशी संबंधित जुन्या वस्तू जमवत होता. खोगिरं, रिकिबी, चाबूक, लगाम, खेळण्यातल्या गाड्या, जुनी चित्रं असा तो संग्रह त्याच इमारतीत दुकानाच्या वर अजून जपलेला आहे. चित्रकार तिथे बसून समोरच्या वस्तूवरून रेखाटन करत आले. म्हणजे स्कार्फवरचा लगाम मनानं काढलेला नसतो. त्याचा प्रत्येक पट्टा कुठून निघतो, कुठल्या कडीतून जातो आणि कुठे अडकतो हे ठरलेलं असतं.

नकल करणारा तिथेच सापडतो. त्याच्यासमोर वस्तू नसते, फोटो असतो. त्याला पट्टा म्हणजे तपकिरी रेघ आणि कड्याळं, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारा लगामाचा धातूचा भाग, नुसता राखाडी डाग दिसतो. मग एखादा पट्टा बकलात शिरतो आणि बाहेरच येत नाही. हनुवटीखालच्या साखळीच्या कड्या एकमेकींत न अडकता नुसत्या शेजारी पडून राहतात. चामड्यावरची शिलाई, म्हणजे ती बारीक टिंबांची ओळ, एकसंध रेघ होऊन बसते. घोड्याला कधी हातही न लावलेल्या माणसालाही हे दिसतं, फक्त अर्धा तास खर्‍या लगामाकडे पाहायला हवं. तुम्ही पुण्यात आहात, रेसकोर्स आणि घोडेस्वारीच्या शाळा जवळ आहेत. घोड्यांची निगा राखणाऱ्या एखाद्या मोतद्दाराला विनंती करून लगाम हातात घ्या. तोंडात कड्याळं कसं बसतं, गालावरचा पट्टा कुठला, कपाळावरचा कुठला, हे विचारा. लगाम, रिकीब, तंग, खोगीर, झूल, पागा हे शब्द आपल्याकडे आहेतच, आता त्या वस्तूही ओळखीच्या होतील. भिंगाइतकाच हा अर्धा तास उपयोगी पडतो.

तुमच्या वर्णनावरून लगामांचा स्कार्फ ‘ब्रीद द गाला’ असावा. समारंभाला घोड्याला चढवायचे दोन भरजरी लगाम त्यात मांडलेले असतात. ह्यूगो ग्रिगकारनं ते चित्र केलं आणि स्कार्फ १९५७ मध्ये आला. एर्मेसच्या सगळ्या स्कार्फांत बहुधा हाच सर्वांत ओळखीचा आहे, त्यामुळे सर्वांत जास्त नकलाही याच्याच झाल्या आहेत. घोडागाड्यांचा कुठला ते फोटोशिवाय सांगता येणार नाही. गाड्यांचे स्कार्फ पुष्कळ आहेत. फिलिप लदूचा ‘ला प्रोमनाद द लाँगशाँ’ आहे, फ्रान्स्वाज द ला पेरिएरचा छत उघडता-मिटता येणाऱ्या गाड्यांचा ‘ले व्वात्यूर आ त्रान्सफॉर्मासियों’ आहे, आणखीही आहेत. नाव बहुतेक वेळा चित्रातच कुठेतरी छापलेलं असतं. कडेच्या पट्ट्यात किंवा खालच्या कोपऱ्यात शोधा.

आता कापड आणि किनार. पूर्ण मापाचा स्कार्फ ९० सेंटीमीटर चौरस असतो आणि वजन साधारण ६५ ग्रॅम भरतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक स्वच्छ कागद ठेवून मोजता येतं. जुना, धुतलेला स्कार्फ सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर आटलेला असू शकतो, पण ८० भरला तर शंका घ्या. वीण ट्विलची, म्हणजे भिंगातून तिरक्या बारीक रेघा दिसायला हव्यात. हातात घेतल्यावर कापडाला अंग आहे असं वाटतं, ते सुळकन निसटत नाही. १९८० नंतर काही स्कार्फ जॅकार विणीतही निघाले, त्यांत छपाईखाली विणलेली दुसरी नक्षी प्रकाशात चमकते. त्यामुळे ‘पोत वेगळा, म्हणजे खोटा’ असा निष्कर्ष लगेच काढू नका.

किनार हातानं वळलेली असते आणि वळण दर्शनी बाजूकडे असतं, पाठीकडे नाही. पुष्कळ नकलांत ते उलट असतं किंवा मशीनची सरळ शिलाई असते. खऱ्या किनारीला गोलाई असते, बोटांमध्ये फिरवली तर बारीक दोरीसारखी लागते. टाके दिसतात, पण एकसारख्या अंतरावर नसतात, कारण ते माणसाच्या हातचे आहेत. धागा किनारीच्या रंगाचा असतो. एका स्कार्फच्या चार बाजू वळायला कसलेल्या हातांना अर्धा-पाऊण तास लागतो. पण किनार चपटी आहे म्हणून माल खोटा ठरत नाही. बहुधा कुठल्यातरी ड्रायक्लीनरनं ती इस्त्रीखाली दाबलेली असते. असे स्कार्फ मला दर महिन्याला भेटतात आणि दर वेळी वाईट वाटतं.

छपाईविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण किमतीचं मूळ तिथे आहे. हे काम ल्यों शहराच्या परिसरात होतं. चित्रकाराचं मूळ चित्र कारागीर रंगारंगांत वेगळं करतात. प्रत्येक रंगासाठी एक स्वतंत्र चौकट, म्हणजे जाळीचा स्क्रीन बनतो. मोठ्या चित्राला ३० ते ४० स्क्रीन लागणं नवलाचं नाही. शंभर मीटरहून लांब मेजावर ताणून पसरलेल्या रेशमावर एकामागून एक रंग चढतात. मग वाफ देऊन रंग पक्के करतात, धुतात, वाळवतात. स्क्रीन केसभर जरी सरकला तरी दोन रंगांमध्ये पांढरी फट पडते किंवा एक रंग दुसऱ्यावर चढतो. म्हणून सोनेरी बकल पाहा. खऱ्या स्कार्फवर एका बकलात चार-पाच छटा असतात, गडद तपकिरीपासून जवळजवळ पांढऱ्या पिवळ्यापर्यंत, आणि त्यामुळे ते कापडावरून उठून आल्यासारखं दिसतं. नकलेत दोन छटांवर भागवलेलं असतं. पाठीची बाजूही पाहा. रंग आरपार गेलेला असतो, दर्शनी बाजूपेक्षा थोडाच फिका. पाठ पांढुरकी असेल तर पुढे तपासण्यात वेळ घालवू नका. हल्ली एर्मेस मुद्दाम दोन बाजूंना दोन वेगळ्या रंगसंगती छापलेले स्कार्फही काढतं. जुना माल पाहताना त्यांचा प्रश्न येत नाही.

नावाचं स्पेलिंग पाहताना रोमन लिपीतल्या दुसऱ्या ‘ई’वर डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ आहे का ते बघा. नकलांत ती गळते किंवा उलट्या दिशेला पडते. कॉपीराइटची गोल खूण नंतरच्या स्कार्फांवर असते, जुन्यांवर नसते. चित्रकाराची सही काहींवर असते, काहींवर नसते. १९४०-५० च्या दशकांतल्या पुष्कळ चित्रांवर ती नाही. यांतली एकच खूण धरून कधी निकाल देऊ नये. आणि कृपा करून किनारीतला धागा उपसून जाळून पाहू नका. रेशीम आहे हे त्यातून कळेल, पण खरा माल आहे का हे कळणार नाही, आणि किनार मात्र गेली.

आता संग्रहाकडे. ‘राजेशाही’ आणि ‘घोडे’ या दोन धाग्यांपैकी आधी एक धरा असं मी सुचवेन. दोन्ही एकत्र धरले तर विषय एवढा मोठा आहे की सहा महिन्यांत कपाटात नुसती गर्दी होते.

घोड्यांच्या बाजूनं गेलात तर माणसांच्या नावानं जमवण्यात मजा आहे. रोबेर द्युमा हा एमिल एर्मेसचा जावई. पहिला स्कार्फ त्याचाच, १९३७ सालचा, ‘झ द ओम्नीब्यूस ए दाम ब्लांश’. घोड्यांनी ओढायच्या ओम्नीबस गाड्या गोलाकार फिरताहेत आणि मधे खेळाच्या पटाभोवती मंडळी बसली आहेत, असं ते चित्र आहे. त्याच्या नंतरच्या आवृत्त्या मिळतात, पहिली मिळण्याची आशा धरू नका. ग्रिगकारचं ‘एक्स-लिब्रीस’ १९४६ चं. त्यात मधोमध जी घोडा, गाडी आणि वाट पाहणारा मोतद्दार यांची आकृती आहे, तीच पुढे कंपनीचं बोधचिन्ह झाली. ती एकोणिसाव्या शतकातला चित्रकार आल्फ्रेद द द्र्यू याच्या चित्रावरून घेतली आहे. गाडीत मालक बसलेला नाही हे लक्षात घ्या. खोक्यावरच्या बोधचिन्हातही नकल करणारे घोड्याचे पाय हमखास बिघडवतात.

लदूचा हात स्वाराचा आहे. त्याच्या ‘रप्रीझ’मध्ये शिस्तीत चाललेले स्वार आहेत, गाड्यांमध्ये चाकांचे आरे आणि स्प्रिंगा मोजून घ्याव्यात इतक्या अचूक. अँरी दोरिन्यीचं वळण निराळं. तो वस्तू सोडवून मांडतो. कड्याळी आणि हनुवटीच्या साखळ्या घेऊन ‘मोर ए गुर्मेत’, १९७४ चं ‘एपरों दॉर’, नंतरचं ‘ग्रां मानेझ’. त्याचा साजाचा अभ्यास एवढा की १९७८ मध्ये त्यानं केलेल्या ‘आर्सो’ घड्याळाला पट्टा अडकवण्याच्या जागी रिकिबीचाच आकार दिला आहे. मला स्वतःला दोरिन्यी लदूपेक्षा जास्त आवडतो. लदूची चित्रं भिंतीवर छान दिसतात. दोरिन्यीची गळ्यात बांधल्यावरही छान दिसतात, कारण दुमडल्यावर कुठलाही तुकडा वर आला तरी तो पुरा वाटतो. स्कार्फ शेवटी घडीत दिसायचा आहे, हे दुकानात पसरलेला पाहताना विसरायला होतं. विकत घेण्याआधी तो तिरका दुमडून एकदा गळ्याशी धराच.

राजेशाही बाजूचा मोठा भाग फ्रान्सच्या दरबाराचा आहे. चौदाव्या लुईवरचं ‘ल्यूदोविकूस माग्नूस’ ला पेरिएरचं. आनी फेव्रचं ‘ल रॉय सोलेय’ही त्याचंच, त्याला सूर्यराजा म्हणत. फेव्र आपल्या चित्रांत कुठेतरी एक माकड लपवते. ते शोधणं हा संग्राहकांचा छंदच आहे आणि खरेपणाची एक छोटी खूणही. मोरीस त्रांशांचं ‘ले झार्दिनिए द्यु रॉय’ राजाच्या माळ्यांचं, लदूचं ‘नापोलेओं’ सम्राटाचं. दोन्ही धागे जिथे एकत्र येतात असा एक स्कार्फ घ्यायचाच असेल तर झाक उदेलचं ‘ग्रां आपारा’ शोधा, १९६२ चं. समारंभी थाटाचा साज त्यात असा भरलाय की रिकामी जागा हुडकावी लागते. ते सगळ्यांना गळ्यात शोभत नाही, हेही सांगून ठेवते.

भारताशी थेट नातं असलेला हवा असेल तर मिशेल द्युशेनचं ‘शास आं आँद’ पाहा. हत्ती-घोड्यांसह राजेरजवाड्यांच्या शिकारीचा तो देखावा १९८० च्या दशकातला आहे. एर्मेस १९८७ पासून दर वर्षाला एक विषय ठरवतं, आणि २००८ चा विषय भारत होता, त्यामुळे त्या वर्षीच्या स्कार्फांत आपल्याकडची चित्रं पुष्कळ सापडतील. तीन वर्षांनी, २०११ मध्ये, मुंबईत फोर्टला हॉर्निमन सर्कलच्या जुन्या इमारतीत त्यांचं दुकान सुरू झालं, आणि त्याच वर्षी त्यांनी भारतासाठी थोड्या साड्याही काढल्या. त्या साड्यांच्या मागे लागू नका. बाजारात आल्या तरी सांगितलेल्या किमतीला तुलना करायला दुसरा व्यवहार सापडत नाही.

हे सगळं महाग वाटत असेल, आणि आहेच, तर राजेशाही धाग्याचा एक स्वस्त फाटा आहे. ब्रिटिश राज्याभिषेकांची स्मरणिका म्हणून १९३७ आणि १९५३ मध्ये पुष्कळ स्कार्फ निघाले. बरेच रेयॉनचे, काही रेशमी. इथल्या जुन्या बाजारांत ते अजून थोड्या पौंडांत मिळतात. त्यांच्यावर हमखास असते ती सोन्याची शाही बग्गी, १७६२ मध्ये बनलेली, चार टनांच्या आसपास वजनाची. तिला आठ घोडे, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि हाकणारे डाव्या घोड्यांवर स्वार झालेले असतात, पुढे गाडीवान बसत नाही. चित्रात घोडे सहाच असतील किंवा पुढे कुणी लगाम धरून बसला असेल तर चित्रकारानं बग्गी पाहिलेली नव्हती हे समजा. स्मरणिका म्हणून ती तरीही चालते, पण दोन रुपये जास्त द्यायचे ते नीट काढलेल्या चित्राला. घोड्यांच्या बाजूनं स्वस्त पर्याय गुची आणि सेलीन या दुसऱ्या कंपन्यांच्या १९६०-७० च्या दशकांतल्या स्कार्फांचा. कड्याळी, साखळ्या, छोट्या गाड्या त्यांच्यावरही भरपूर आहेत. जुन्या सेलीनचं काम लोकांनी अजून नीट हेरलेलं नाही असं माझं मत आहे.

किमतीचं बोलू. युरोपात ९० सेंटीमीटरचा नवा एर्मेस आज ४०० युरोच्या वर जातो. नेहमी छापले जाणारे, पण चांगल्या स्थितीतले जुने स्कार्फ साधारण १०० ते २५० युरोंच्या दरम्यान मिळतात. खूप मागणीची चित्रं आणि विरळ रंगसंगती त्याच्या कितीतरी वर. लिलावात घेणार असाल तर हातोडा पडलेल्या रकमेवर लिलावगृह साधारण पाव हिश्शाचं किंवा जास्त कमिशन लावतं, वर टपाल, विमा, आणि भारतात आल्यावर कस्टम्स. हे सगळं आधी कागदावर मांडून मगच बोली लावा. परदेशी राहणारं कुणी नात्यातलं सुट्टीला येत असेल तर त्यांना विकत घेऊन आणायला सांगणं हा आपल्याकडचा जुना मार्ग आहे, पण त्यांना बिल जपून ठेवायला आणि विमानतळावरचे नियम पाहायला सांगा.

गुंतवणूक म्हणाल तर माझं उत्तर नाही असंच आहे. दुकानातून बाहेर पडल्याबरोबर साध्या स्कार्फची किंमत जवळजवळ निम्म्यावर येते. कंपनी जुनी चित्रं पुन्हापुन्हा छापते. ‘ब्रीद द गाला’ तर कितीतरी रंगांत आणि ‘शॅडो’, ‘लव्ह’ अशा नव्या रूपांतही आला. म्हणजे तुमच्याकडच्या चित्राची नवी आवृत्ती उद्या दुकानात येऊ शकते. भाव टिकून राहतो तो पहिल्या आवृत्तीच्या, न धुतलेल्या, गोल किनारीच्या स्कार्फचा, आणि असे थोडे. राणी एलिझाबेथ दुसरी हनुवटीखाली गाठ मारून स्कार्फ बांधत असे, हॉलिवूडची नटी ग्रेस केली हिनं दुखावलेला हात एर्मेसच्या स्कार्फच्या झोळीत अडकवला होता, या गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या सांगून कुणी जादा पैसे मागू लागलं तर त्या गोष्टीचे पैसे देऊ नका.

सुरुवातीला आणखी चार वेगवेगळे स्कार्फ घेण्यापेक्षा आहे त्याच चित्राचे आणखी दोन रंग घ्या. तुमच्याकडचे लगाम समजा निळ्या काठाचे असतील तर एक तांबडा आणि एक फिका शोधा. तिन्ही शेजारी ठेवले की कळतं की काळ्या जमिनीवर, म्हणजे नक्षीमागच्या रंगावर, दिसणारा पट्टा फिक्या जमिनीवर नाहीसा होतो, एका रंगसंगतीत पितळ चमकतं, दुसरीत मंद पडतं. रंग ठरवणाऱ्याचं काम चित्रकाराइतकंच मोठं आहे हे तिथे पटतं, आणि पुढची खरेदी आपोआप जास्त चोखंदळ होते.

घेताना विक्रेत्याकडून चारही कोपरे, दोन्ही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो मागा. डाग कुठे ते विचारा. गळ्याजवळच्या भागात अत्तर, पावडर, तेल यांचे डाग असतात. पांढऱ्या जमिनीवर ते पिवळे होऊन बसलेले असतात आणि निघत नाहीत. टाचणीची भोकं पाहा. आपल्याकडे पदराला सेफ्टी पिन लावायची सवय असते, स्कार्फला ती कधीच लावू नका, ट्विलचा धागा सरकला की रेघ पडते. खिडकीत टांगलेला स्कार्फ एका पट्ट्यात उडालेला असतो. घडी उलगडून त्या पट्ट्याचा रंग बाजूच्या रंगाशी ताडून पाहा.

आता जपणूक. पैठणी जपणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला यातलं बरंचसं सांगायची गरज नाही. मऊ, धुतलेल्या मलमलीत गुंडाळायचं, मधून मधून घडी बदलायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायचं नाही. स्कार्फला घडीपेक्षा गुंडाळी बरी, आत आम्लरहित टिश्यू कागदाची नळी घालून. डांबरगोळ्या टाळा, तो वास रेशमातून वर्षानुवर्षं जात नाही. पुण्यात पावसाळा आणि त्यातही श्रावण-भाद्रपद सांभाळायचा, कोकणात किंवा मुंबईत चारही महिने. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की वाळवा किंवा बदला. ऑक्टोबरच्या उन्हात कपाट रिकामं करून स्कार्फ सावलीत, वाऱ्यावर तासभर पसरा, थेट उन्हात नको. कसर लागली असेल तर तिच्या खुणा घडीच्या टोकांना आधी दिसतात.

धुणं मात्र पैठणीसारखंच शक्य तितकं टाळायचं. गडद निळा आणि लाल रंग पाण्यात सुटू शकतात आणि शेजारच्या पांढऱ्यावर पसरतात. मग काही करता येत नाही. ड्रायक्लीनिंगला द्यावंच लागलं तर ‘किनारीवर इस्त्री नाही’ असं तोंडी सांगून भागत नाही, चिठ्ठी लिहून स्कार्फला दोऱ्यानं बांधा. घरी चुरगळ्या काढायच्या तर उलट बाजूनं, वर सुती फडकं ठेवून, मंद इस्त्री, आणि किनारीच्या आत एक बोट अंतर सोडून थांबायचं. चपटी झालेली किनार वाफेनं थोडी फुगते, पूर्ववत होत नाही. उसवली असेल तर मशीनवर शिवून घेऊ नका. साडीला हातानं पिको-फॉल करणाऱ्या एखाद्या चांगल्या बाईला नमुना दाखवा. वळण पुढच्या बाजूला घ्यायचं हे समजावलं की आपल्याकडच्या बायका ते उत्तम करतात, मी पाहिलं आहे.

फ्रेम करायची झाली तर स्कार्फ चिकटवू देऊ नका. मागच्या सुती कापडावर किनारीतून सैल टाके घालून बसवावा. काच अतिनील किरण अडवणारी हवी आणि काच-रेशीम यांच्यात बारीक पट्टी सोडून अंतर हवं. दोन-तीन वर्षांनी उतरवून दुसरा लावावा, म्हणजे एकच स्कार्फ उजेड सोसत राहत नाही.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक स्कार्फचं नाव, चित्रकार, मोजलेलं माप आणि वजन, किनार, पट्टी, डागांची जागा, कुठून आणि कितीला घेतला, बिलाचा फोटो. आत्याचे कागद तुमच्याकडे असतील तर जुनी पत्रं, विमानसेवेतले फोटो, परदेशातली बिलं चाळून पाहा. एखाद्या फोटोत तोच स्कार्फ गळ्यात दिसला आणि मागे तारीख असेल तर तो फोटो त्या स्कार्फबरोबर एकाच डब्यात ठेवू नका. फोटोच्या कागदातली रसायनं रेशमाला लागतात. पाकीट वेगळं ठेवा, आणि वहीत दोन्हींना एकच क्रमांक द्या.